बाबा, मेगापिक्सेल सोडा!

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. बॅग खाली ठेवायच्या आत बाबांनी प्रश्न टाकला, "तू इंजिनिअर होणार ना? मग सांग, घराबाहेर लावायला कॅमेरा कोणता घेऊ? सहा हजारांच्या वर जायचं नाही."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी बोबडी वळली! तीन वर्षं ई अँड टीसीला घासतोय. नायक्विस्टचं प्रमेय झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन (फक्त व्हायवाला आठवत नाही, तो भाग वेगळा). पण दुकानात जाऊन एक साधा कॅमेरा निवडायचा म्हटलं तर माझ्यात आणि आमच्या आजीत काडीचा फरक नाही, हे त्या दिवशी कळलं. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून ठोकून दिलं, "जास्त मेगापिक्सेलचा घ्या."

बाबा म्हणाले, "नानाकडं आठ मेगापिक्सेलचाच होता की!"

इथे थोडं थांबून नानांची गोष्ट सांगायला हवी, कारण हा लेख खरं तर तिच्यामुळेच लिहितोय.

आमचं घर सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. गावाच्या अगदी कडेला. पुढे अंगण, बाजूला गोठा आणि गोठ्यापलीकडे पत्र्याची शेड. शेडमध्ये पाण्याची मोटार, केबल, फवारणीचा पंप, बियाणं, थोडक्यात आमच्या घराची तिजोरीच! माझे चुलते, म्हणजे नाना, जवळच्याच वस्तीवर राहतात. त्यांचंही असंच घर आणि अशीच शेड. गणपती उठल्यावर चार-आठ दिवसांत एका रात्री नानांच्या शेडमधून तांब्याची केबल गेली. नाना म्हणाले, "काळजी न्हाई. कॅमेऱ्यात घावला असंल."

आणि खरंच घावला! रात्री पावणेदोनला एक माणूस शेडमध्ये शिरतो, खांद्यावर भेंडोळं टाकून बाहेर येतो आणि निघून जातो. सगळं व्यवस्थित दिसतं. फक्त माणसाला तोंड नाही. तोंडाच्या जागी एक पांढरट गोळा, बस्स.

तो व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. कुणीतरी लिहिलं, "चाल ओळखीची वाटते." दुसऱ्याने एक नाव घेतलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला ती चाल त्याचीच वाटायला लागली. ते नाव होतं आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या मामांच्या मुलाचं. दहावीपर्यंत तो माझ्याच बाकावर बसायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, आधीच नको तितक्या वेळा घेऊन झालंय. त्या रात्री तो साताऱ्याला दवाखान्यात आईच्या उशाशी बसून होता. हे गावाला कळायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस त्याने घराचं दार उघडलं नाही. पुढे सगळे म्हणाले, "जाऊ दे, झाली चूक." ग्रुपवर मात्र 'चूक झाली' असं लिहायला कुणाचं बोट धजावलं नाही. खरा चोर आजतागायत सापडलेला नाही.

म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं हे की, कॅमेरा अर्धवट दिसेल असा लावण्यापेक्षा न लावलेला बरा. कॅमेरा नसेल तर निदान 'माहीत नाही' असं तरी म्हणता येतं. अर्धवट चित्र असलं की प्रत्येकजण आपल्या मनातला चेहरा त्या गोळ्यावर चिकटवतो. आणि तो चेहरा बहुतेक वेळा गरिबाचाच असतो, हे सांगायला इंजिनिअर व्हायची गरज नाही.

तर आता सुट्टीतला अभ्यास! (सबमिशन सोडून मी हेच करत बसलो, सरांनी कृपया हे वाक्य वाचू नये.)

दुकानदार सगळ्यात आधी मेगापिक्सेल सांगतो. आठ म्हणजे भारी, दोन म्हणजे फालतू. पण चेहरा ओळखू यायचा असेल तर एकूण पिक्सेल किती, हा प्रश्नच चुकीचा आहे. जिथे माणूस उभा राहणार, तिथे एका मीटरच्या रुंदीत किती पिक्सेल पडतात, हा खरा प्रश्न. यासाठी चक्क एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत दिलेलं गणित असं: दर मीटरला २५ पिक्सेल असतील तर 'कुणीतरी आहे' एवढं कळतं. १२५ असतील तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. आणि अनोळखी माणसाचीही खात्रीने ओळख पटवायची असेल तर २५० लागतात.

आता वही काढा. साध्या २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० पिक्सेल असतात. १९२० भागिले २५० म्हणजे साधारण ७.७ मीटर. म्हणजे कॅमेऱ्याला ७.७ मीटरपेक्षा जास्त रुंदीचा भाग दाखवला की चेहरा गेला! स्वस्त कॅमेऱ्यांत सहसा २.८ मिलिमीटरची लेन्स येते. नेहमीच्या सेन्सरवर ती साधारण ९० अंशांचा कोन पकडते. ९० अंशांत जेवढं अंतर, त्याच्या दुप्पट रुंदी. म्हणजे खात्रीने चेहरा मिळणार तो फक्त ३.८ मीटरपर्यंत. बारा-साडेबारा फूट! त्यापलीकडे 'कुणीतरी आहे' हे पार ३८ मीटरपर्यंत कळत राहील. नानांच्या कॅमेऱ्यात नेमकं हेच झालं होतं. त्यांचा होता आठचा, पण लेन्स तीच रुंद आणि शेड होती चांगली पंधरा मीटरवर.

आठ मेगापिक्सेलने काय होतं? आडवे पिक्सेल १९२० चे ३८४० होतात, म्हणजे दुप्पट. पिक्सेल चौपट, अंतर मात्र दुप्पटच: ३.८ चे ७.७ मीटर. आणि आता गंमत बघा. तोच २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या आणि २.८ ऐवजी ६ मिलिमीटरची लेन्स असलेलं मॉडेल मागा. कोन अरुंद होऊन साधारण ५० अंश होतो आणि चेहऱ्याचं अंतर जातं सव्वाआठ मीटरवर! म्हणजे लेन्स नीट निवडली तर दोनवाला आठवाल्याच्या पुढे जातो, तोही जवळपास जुन्याच किमतीत. अट एकच. सगळं अंगण दिसणार नाही, फक्त दार दिसेल. पण चोर शेवटी दारातूनच येणार ना!

इथेच आमचं आणि बाबांचं वाजलं. बाबांना अख्खं अंगण, गोठा, रस्ता, जमलंच तर समोरच्यांची विहीरसुद्धा पाहिजे होती. "पैसे देतोय तर सगळं दिसू दे की!" मी म्हटलं, "बाबा, सगळं दिसलं की काहीच दिसत नाही." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हटलं. बाबांना एकदाही आवडलं नाही.

दुसरा मुद्दा रात्रीचा. खोक्यावर लिहिलेलं असतं, 'नाइट व्हिजन ३० मीटर'. म्हणजे इन्फ्रारेडचा उजेड तिथवर पोचतो, एवढंच. तिथला चेहरा ओळखू येईल असं कुणीच लिहिलेलं नसतं. अंधारात कॅमेरा प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो. समजा एक पंचविसांश सेकंद. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात पाच सेंटिमीटर सरकतो. चेहराच जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंद. त्याचा तिसरा हिस्सा फासला गेला तर उरणार काय? पांढरा गोळा! शिवाय सेन्सरचा आकार तेवढाच ठेवून पिक्सेल वाढवले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला उजेड कमी येतो. म्हणजे आठवाला रात्री उलट जास्त चाचपडू शकतो.

यावरचा उपाय महागडा कॅमेरा नाही, दिवा आहे. माणूस आला की लागणारा, सेन्सरवाला एलईडी पाच-सहाशे रुपयांत मिळतो. उजेड पडला की शटर वेगाने चालतं आणि चेहरा थांबतो. आणि लख्ख उजेड पडल्यावर निम्मे चोर तसेच परत फिरतील, हे आजीचं मत. ते अगदीच गावठी नाही हं! सीसीटीव्हीच्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही एकट्या कॅमेऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जोडीला इतर उपाय असतील तिथे गुन्हे जास्त कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे कुलूप आणि दिवा आधी, कॅमेरा मग. आमच्या शेडचं कुलूप मी बघितलं. ते केसाच्या पिनेने उघडलं. बाबांना दाखवलं, ते काहीच बोलले नाहीत.

तिसरा मुद्दा रेकॉर्डिंगचा. स्वस्त वायफाय कॅमेऱ्यावर 'क्लाउड फुकट' असं झळकत असतं. बारीक अक्षरांत वाचलं तर ते महिनाभरच फुकट असतं, पुढे दरमहा भाडं. आणि आमच्याकडचं इंटरनेट म्हणजे पाहुण्यासारखं, येतं तेव्हा येतं. म्हणून आत मेमरी कार्ड बसेल असाच कॅमेरा घ्यावा. एच.२६५ पद्धतीने, सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. म्हणजे १२८ जीबीच्या कार्डात जवळजवळ सहा दिवस. चोरी दुसऱ्या दिवशी कळतेच, तेव्हा सहा दिवस पुष्कळ झाले. फक्त कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं 'हाय एन्ड्युरन्स' घ्या. मोबाईलमधलं जुनं काढून घालाल तर ते नेमकं चोरीच्या रात्री राम म्हणेल!

चौथा, वायरचा. लोक म्हणतात वायरलेस घ्या, भानगड नाही. अरे, पण वीज तरी वायरनेच येणार ना? मग एकच लॅन केबल टाकली आणि कॅमेरा पीओईचा घेतला तर वीज आणि चित्र दोन्ही तिच्यातूनच जातात. हे मानक २००३ पासून आहे आणि शंभर मीटरपर्यंत चालतं. केबल मात्र अस्सल तांब्याची बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त आणि ती तुटतेही लवकर. आमच्या घरात इन्व्हर्टर होताच. राउटर आणि इंजेक्टर त्याच्या सॉकेटवर घेतले की लोडशेडिंगचा प्रश्न मिटला. फ्लॅटच्या दारावर किंवा गॅलरीत लावायचा असेल, अंतर दहा फुटांचं असेल आणि वायफाय खणखणीत असेल, तर दोन हजारांचा वायफाय कॅमेरा खुशाल घ्या. मी आडवा येणार नाही. पण अंगण आणि शेड म्हणजे फ्लॅटचं दार नव्हे.

बारीकसारीक गोष्टीही आहेत. बाहेरच्या कॅमेऱ्यावर आयपी ६६ किंवा ६७ लिहिलेलं असावं. पहिला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. दुसरा आकडा पाण्याचा: ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे थोडा वेळ बुडाला तरी चालेल. उंची नऊ-दहा फुटांच्या आसपास. फार वर लावला तर चोराची फक्त टोपी मिळते, टोपी नसेल तर टक्कल! पांढऱ्या भिंतीला चिकटून लावू नका, इन्फ्रारेड भिंतीवरून उलटून चित्र धुरकटतं. आणि पंधरा दिवसांतून एकदा झाडू फिरवा, कारण त्या उजेडाला किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो आणि बरोब्बर काचेसमोर संसार थाटतो.

पाचवा मुद्दा आपल्या लोकांसाठी खास. पासवर्ड! २०१६ साली 'मिराय' नावाच्या एका प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. युक्ती काय, तर कंपनीने घातलेले साठेक ठरावीक पासवर्ड एकापाठोपाठ एक वापरून बघायचे. 'ॲडमिन-ॲडमिन' छापाचे. त्या ऑक्टोबरात अशाच पळवलेल्या उपकरणांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतल्या बड्या बड्या वेबसाइटी काही तास बंद पडल्या. आणि 'मिराय' लिहिणारे कोण? तिघे तरुण. त्यातला एक तर तुमच्या-माझ्यासारखा कॉलेजचा विद्यार्थी! तेव्हा डबा उघडल्याबरोबर पासवर्ड बदला आणि फर्मवेअर अपडेट करा. आपल्याकडे एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक अटींची चाचणी सक्तीची झाली आहे. जुना माल स्वस्तात काढणाऱ्याला त्याबद्दल एकदा विचारायला काय हरकत आहे? तो गडबडला तर पुढच्या दुकानात चला.

आता शेवटचा मुद्दा, कॅमेऱ्याचं तोंड कुणीकडे? बाबांच्या मूळ योजनेत शेजारच्या काकूंचं परसदार पूर्ण येत होतं. तिथेच त्यांची न्हाणी. मी म्हटलं, "काकूंना विचारलंत का?" बाबा म्हणाले, "आपण काय त्यांना बघत बसणार आहे?" नसाल बसणार. पण त्यांना रोज वाटणार ना, की कुणीतरी बघतंय! खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. युरोपात तर याहून पुढची केस झाली. चेक प्रजासत्ताकातल्या एका माणसाच्या घराच्या काचा फोडल्या जायच्या, म्हणून त्याने कॅमेरा लावला आणि त्यात संशयित सापडलेही. तरी २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही, माहितीचे नियम तुलाही लागू. स्वतःचं घर राखण्याचा त्याचा हक्क न्यायालयाने नाकारला नाही. फक्त दुसऱ्याच्याही हक्काची आठवण दिली. अरुंद लेन्सचा हा एक फायदा कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो: काकूंचं परसदार आपोआप बाहेर राहतं.

आणि समजा काही घडलंच, तर? व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सॲपवर तो दाबून लहान होतो, उरलासुरला चेहराही जातो, आणि मग गाव न्यायाधीश होतं. मूळ फाइल कार्डावरून जशीच्या तशी उतरवून पोलिसांना द्या. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा! एक बिट जरी बदलला तरी जुळत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागतंय ना, तेवढंही बघून ठेवा. नाहीतर रात्रीची चोरी दुपारची दिसायची.

असो. शेवटी आमचा हिशोब असा झाला: ६ मिलिमीटर लेन्सचा २ मेगापिक्सेल पीओई कॅमेरा २,७००, इंजेक्टर ५००, कार्ड १,२००, केबल आणि पाइप ८००, सेन्सरचा दिवा ६००. एकूण ५,८००. उरलेल्या दोनशेत बाबांनी काहीही न बोलता शेडला नवीन कुलूप आणलं.

कॅमेरा बसवायला शिडी धरणारा कुणीतरी हवा होता. मी त्यालाच बोलावलं. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. घराच्या वळचणीला कॅमेरा बसला, शेडचं दार सात मीटरवर. रात्री चाचणी घ्यायची होती, म्हणजे कुणीतरी दारापर्यंत चालत जायचं आणि मी मोबाईलवर बघायचं. (ही चाचणी प्रत्येकाने घ्यावी. दुकानातल्या डेमोवर जाऊ नये.) मी काही म्हणायच्या आत तोच निघाला. दिवा लागला, तो दारात थांबला, वळून कॅमेऱ्याकडे बघितलं. कपाळावरची लहानपणची खूणसुद्धा स्पष्ट दिसत होती, विटी लागली होती तेव्हाची. ती मीच मारलेली!

तिथूनच तो ओरडला, "दिसतंय का रं तोंड नीट?"

मी म्हटलं, "दिसतंय."

"बघ हं," तो म्हणाला, "न्हाईतर परत माझंच नाव येईल."

हसत म्हणाला तो. मला मात्र हसता आलं नाही.

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी गेल्यावर तुम्हालाही कुणी विचारलंच, "कॅमेरा कोणता घेऊ?" तर मेगापिक्सेल सांगून मोकळे होऊ नका. आधी उलट विचारा: कुणाचं तोंड, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात ओळखायचंय? याचं उत्तर मिळालं की कॅमेरा स्वस्तातच मिळतो. नाही मिळालं, तर मात्र तो कितीही स्वस्त असो, त्याची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.